लग्नाच्या कार्डवर प्रेमाची आयरिश म्हण लिहायची आहे, कोणती लिहू?

तुमच्या ऑफिसातल्या आयरिश मैत्रिणीचं लग्न आहे आणि प्रेमावरची एखादी अस्सल जुनी म्हण तिला कार्डवर लिहून द्यायची आहे, असा तुमचा प्रश्न. एकच हवी असेल तर ‘गिरीन बेर्च बोहर’ (Giorraíonn beirt bóthar) लिहा. सोबत दोघं असले की वाट लवकर सरते, असा अर्थ. मुळात ही प्रवासाची म्हण, पण लग्नातही शोभते आणि आयरिश माणसाला बहुधा शाळेपासून पाठ असते.

आता प्रेमावरच्या बाकीच्या म्हणी. नेटवर गुलाबी पार्श्वभूमीवर ‘प्राचीन आयरिश वचन’ म्हणून जे गोडमिट्ट फिरतं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. खऱ्या म्हणींची चव वेगळीच आहे. ही बघा: लाज नसलेले आजार तीन, प्रेम, खाज आणि तहान. गोष्टी अशा तिनाच्या गटात सांगायची रीत आयर्लंडमध्ये फार जुनी आहे. नवव्या शतकाच्या आसपासचा अशा त्रिकांचा एक अख्खा संग्रह शिल्लक आहे. आणि या म्हणीत प्रेमाला बसवलंय कुठे, तर खाजेशेजारी!

त्या आजारावरचा इलाजही म्हणीतच आहे: प्रेमाला औषध नाही, लग्न सोडून. आणि लग्न झाल्यावर काय? ‘लोकांनी नावं ठेवावीत असं वाटत असेल तर लग्न कर, गुण गावेत असं वाटत असेल तर मर.’ सासू-सुनेला समोरासमोर आलेल्या मांजर-उंदराची उपमा आहे, त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. आणखी एक, ‘डोंगरावरची बायको केलीस की अख्खा डोंगर केलास.’ म्हणजे तिचे भाऊ, चुलते, मावश्या, सगळे आलेच. ‘प्रेम कुरूपपणा झाकतं’ ही त्यातल्या त्यात मवाळ, पण तिलाही टोक आहेच.

माझी सगळ्यात आवडती मात्र ही: एकटेपणापेक्षा भांडण बरं. वाचताना हसू येतं, पण पश्चिम आयर्लंडच्या खेड्यातलं जुनं जगणं माहीत असेल तर ते हसू टिकत नाही. 1845 ते 1852 च्या दुष्काळात बटाट्याचं पीक कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर जमिनीचे तुकडे पाडायचे नाहीत, एकाच मुलाच्या नावावर करायची, ही पद्धत घट्ट झाली. तो मुलगा बापाने शेत सोडेपर्यंत थांबायचा. थांबता थांबता चाळिशी गाठायची, कित्येकांचं लग्न व्हायचंच नाही. भावंडं तोवर बोटीने अमेरिकेत. अशा घरातल्या हिवाळी रात्रीत भांडायला कुणीतरी असणं हीच चैन वाटली असेल.

ज्यांचं जमायचं त्यांचं जमवलेलंच असायचं. त्या सोयरिकीला तिथे ‘क्लाउनस’ म्हणतात. मध्यस्थ व्हिस्कीची बाटली घेऊन जायचा, मग गाई किती, शेत किती, मुलगी ‘स्प्रे’ म्हणजे हुंडा काय आणणार, यावर घासाघीस. मुलीकडची माणसं शेत पायाखाली घालून बघायची. पाहुणे येणार म्हणून शेजाऱ्याच्या गाई आपल्या रानात आणून उभ्या केल्याचे किस्से तिथे अजून सांगतात. आलेला स्प्रे पुष्कळदा नवऱ्याच्या बहिणीच्या लग्नात पुढे सरकायचा. या व्यवहारातून निघालेल्या म्हणींत चंद्र-तारे कुठून येणार?

घाईसुद्धा असायची. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये लग्नं लागत नसत, जसे आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसतात. त्यामुळे उपास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी लग्नांची नुसती झुंबड. जे राहिले त्यांची खैर नसे. उपासाच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेला निघालेल्या बिनलग्नाच्या पोरापोरींच्या पाठीवर खडूने रेघोट्या ओढायच्या. कॉर्क आणि केरी भागात तर आणखी मजा. समुद्रातल्या स्केलिग बेटावर उपास उशिरा सुरू होतो, म्हणजे तिथे अजून लग्न लागू शकतं, अशी समजूत होती. म्हणून ‘तुम्ही आता स्केलिगलाच जा’ म्हणत गावातल्या अविवाहितांच्या वाटेल तशा जोड्या लावून टवाळ कवनं रचायची. एकोणिसाव्या शतकात ती छापून विकलीही जात. सोयरिकींची आठवण आजही पुसलेली नाही. क्लेअरमधल्या लिस्डूनव्हार्ना गावात दर सप्टेंबरला, सुगी आटोपल्यावर, जोड्या जुळवण्याचा उत्सव भरतो.

मग या माणसांना गोड बोलताच येत नाही का? येतं की. म्हणीत नाही, हाक मारण्यात. ‘अ स्तोर’ म्हणजे माझ्या ठेव्या. ‘अ ख्री’, माझ्या काळजा. ‘अ खुश्ला मो ख्री’, माझ्या काळजाच्या ठोक्या. आणि हे फक्त प्रेमिकांपुरतं नाही, आजी नातवालाही ‘अ स्तोर’ म्हणते.

लग्नाची मागणी घालण्याचं म्हणून सांगितलं जाणारं एक जुनं वाक्यही आहे: ‘माझ्या माणसांत पुरून घ्यायला आवडेल का तुला?’ मला ते फार मोठं वाटतं, पण कार्डवर कृपा करून लिहू नका.

शोधायचंच असेल तर आयर्लंडच्या लोकसाहित्य संग्रहाचं ‘दूखस’ (dúchas.ie) हे संकेतस्थळ बघा. 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांकडून आजी-आजोबांच्या आठवणी, गोष्टी, म्हणी वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्या वह्यांची पानं तिथे जशीच्या तशी दिसतात, मुलांच्या अक्षरासकट. कार्डवरची म्हण मात्र आयरिश शब्दकोशातून अक्षरन् अक्षर बघून उतरवा. स्वरांवरच्या तिरक्या रेघा गाळू नका, त्या गाळल्या तर काही शब्दांचा अर्थच बदलतो.