शाळेच्या परसबागेतून झाडं आणि सूक्ष्मजीव एकत्र कसे शिकवावेत?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: शाळेमागे पोषण आहारासाठी केलेली परसबाग आहे, वर्ग आठवी-नववीचे आहेत, धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि बागेतली माती पेट्री डिशमध्ये टाकून जिवाणू वाढवून दाखवायचा तुमचा विचार आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. माझं ऐकाल तर पेट्री डिश कपाटातच राहू द्या आणि खुरपं हातात घ्या.

डिशचा प्रयोग दिसायला झकास असतो. दोन-तीन दिवसांत पांढरे-पिवळे ठिपके येतात, मुलं ‘ईऽऽ’ करतात, मोबाईलवर फोटो निघतात आणि विषय तिथेच संपतो. ठिपका नेमका कशाचा, त्याचं बागेतल्या झाडाशी काय नातं, याचा पत्ता लागत नाही. शिवाय मातीतले बहुतेक जिवाणू डिशमधल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) उगवतच नाहीत. जे उगवतात त्यात माणसाला अपाय करणारे असू शकतात, आणि हौशीने झाकण उघडणारा एक तरी महाभाग प्रत्येक वर्गात असतोच.

त्याऐवजी मुळं बघा. मूग, चवळी, भुईमूग, मेथी यांपैकी जे बागेत असेल ते घ्या. नसेल तर पाऊस नीट सुरू झाल्यावर मूग किंवा चवळी पेरा. साधारण महिन्याभरात, फुलं धरायच्या सुमाराला मुळांवरच्या गाठी चांगल्या दिसतात; हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देणारे रायझोबियम हे जिवाणू त्यांत राहतात. रोप उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि मुलांना नुसती मुळं दिसतात. वीतभर अंतरावरून खुरप्याने मातीचा गड्डा काढा, बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. मग ते रोप पांढऱ्या थाळीत पसरा.

आता मुलांना काही सांगू नका, नुसतं बघायला लावा. मुगाच्या गाठी गोल, मोहरीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या. मेथीच्या लांबट, कधी टोकाला फाटा फुटलेल्या. भुईमुगाच्या गाठी वाटेल तिथे नसतात, आडवी उपमुळं जिथून फुटतात त्या बेचक्यांतच असतात. याचं कारण जिवाणू आत शिरतो त्या वाटेत आहे: मुगात तो मूलरोमातून (मुळावरच्या बारीक केसातून) शिरतो, भुईमुगात उपमूळ बाहेर पडताना जी भेग पडते तिच्यातून.

मग गाठ नखाने उकला. आत गुलाबी-लाल रंग दिसेल. कागदावर चिरडली तर रक्तासारखा डाग पडतो, आणि खरंच ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड आहे, लेगहिमोग्लोबिन. हवेतला नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवा असतो. हे लाल प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. आतून पांढरी निघालेली गाठ कोवळी किंवा निकामी असते, हिरवट-तपकिरी निघाली तर तिचं काम संपलंय. म्हणजे रंग बघून गाठ काम करतेय का हे आठवीतलं पोर सांगू शकतं, सूक्ष्मदर्शकाशिवाय.

सूक्ष्मदर्शक एकच आहे तो इथे वापरा. लाल गाठ स्पिरिटने पुसून घ्या, स्लाईडवर पाण्याच्या थेंबात चिरडा, पातळ पसरून वाळवा, चिमट्यात धरून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा (स्पिरिटची बाटली ज्योतीपासून लांब ठेवा), मिथिलीन ब्लूचे थेंब मिनिटभर ठेवून धुवा. चाळीस पटींच्या भिंगाखाली निळे कण दिसतील. मेथी त्यासाठी सगळ्यात सोयीची: तिच्या गाठीत शिरलेला जिवाणू फुगून मोकळ्या जिवाणूपेक्षा बराच मोठा होतो आणि त्यातले काही इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले दिसतात. काही शाळांना फोल्डस्कोप मिळालेले आहेत. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाचं ते कागदी उपकरण बुरशी, परागकण, रंध्रं यांना फार छान. जिवाणूंसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. १४० पटीत जिवाणू म्हणजे नुसते टिंब.

खरा अभ्यास तुलनेत आहे. दोन तुलना तर आवर्जून करा.

पहिली: बागेच्या कडेला पावसाळ्यात टाकळा माजलेला असेल. तोही शेंगा धरणारा, मुगाच्याच कुळातला. त्याची मुळं धुवा. गाठी नाहीत! गुलमोहराचंही तसंच. ‘शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात’ हे वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं, ते इथे त्यांच्याच हातून खोटं पडतं. त्या दिवशी वर्गात जी चर्चा होते तिच्यासमोर माझं भाषण फिकं आहे.

दुसरी: टोमॅटो, वांगं किंवा भेंडीचं मरगळलेलं रोप काढा. नशिबाने (शेतकऱ्याच्या दृष्टीने दुर्दैवाने) त्याच्याही मुळांवर गाठी निघतील. त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरून राहणाऱ्या अगदी बारीक कृमीच्या. फरक ओळखायचा तर नखाने ढकलून बघा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कुशीला चिकटलेली असते, अलगद सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही, मूळ तुटतं. एक पाहुणा झाडाला पोसतो, दुसरा झाडावर पोसला जातो, आणि वरवर पाहता दोन्हीकडे फक्त गाठी.

मोजमाप हवं असेल तर कुंड्यांचा प्रयोग करा. एक साधी, एकीत कृषी सेवा केंद्रात मिळणारं रायझोबियमचं संवर्धक (जिवंत जिवाणूंचं तयार मिश्रण) गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळून पेरलेलं, एकीत थोडा थोडा युरिया. महिन्याभराने गाठी मोजा. युरियाच्या कुंडीत त्या कमी निघायला हव्यात, कारण आयता नायट्रोजन मिळत असताना झाड पाहुण्याला जेवू घालत बसत नाही. साध्या कुंडीतही गाठी येतील, त्याने गोंधळू नका. आपल्या मातीत मूग-चवळीला चालणारे जिवाणू मुळातच असतात. संवर्धकाचा फरक स्पष्ट दिसायला हवा तर धुतलेली वाळू भाजून वापरा. प्रत्येक प्रकारच्या तीन-चार कुंड्या करा, एकेका कुंडीवरून निष्कर्ष काढायची सवय मुलांना लागू नये.

इतिहास सांगायचा तर दोनच नावं पुरेत. हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत मांडलं की कडधान्यं गाठींच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरतात, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला. कडधान्यानंतर पीक चांगलं येतं हे आपल्या शेतकऱ्याला त्याआधीपासून माहीत होतंच, ते मुलांच्या आजी-आजोबांना विचारू द्या.

मुळांपलीकडे जायचं असेल तर भोपळ्याच्या किंवा काकडीच्या पानावरची भुरी (पांढरी बुरशी) घ्या. पारदर्शक चिकटपट्टी पांढऱ्या डागावर दाबा, तीच स्लाईडवर लावा. पिंपांची माळ ओवावी तशा बीजाणूंच्या साखळ्या दिसतात. रंगसुद्धा लागत नाही. भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या पानातला विषाणू अर्थातच दिसणार नाही, पण पान उलटून पांढरी माशी दाखवता येते; रोग पसरवते ती तीच.

आणि ‘वाढवून दाखवायचंच’ असेल तर विनोग्राडस्कीचा स्तंभ करा, म्हणजे चिखलातले सूक्ष्मजीव थराथराने वाढताना दिसतील अशी बाटली. उंच पारदर्शक बाटलीत तळ्याचा किंवा डबक्याचा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे आणि उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक कालवून भरा, वर पाणी घाला, झाकण सैल लावून उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांत काळे, हिरवे, जांभळट पट्टे उमटू लागतात. बाटली हलवू नका, उघडू नका. अंडं शाळेत चालणार नसेल तर चिमूटभर जिप्सम घाला, या जिवाणूंना लागणारं गंधक त्यातूनही मिळतं.

हात साबणाने धुणं, जखम असेल तर मातीकाम नाही, हे सांगायला नकोच. पावसाळ्यात गवतात खुरपं घालण्याआधी सापांसाठी काठी आपटा, विशेषतः कोकणात असाल तर.

पेरणीची वेळ हुकली असेल तरी अडत नाही. थंडीत बाजारात मेथीची जुडी मुळांसकट येते. मुळं जास्त लांब असलेली जुडी निवडा, गाठी सापडण्याची शक्यता वाढते. पानं मुलांना डब्याच्या भाजीसाठी घरी न्यायला द्या, मुळं तुम्ही ठेवा.