बीटी कापसात जिवाणूचा जीन 'चिकटवतात' कसा, आणि माझ्या प्लेटवर सगळ्या कॉलन्या निळ्याच का?

प्रश्न दोन आहेत. जिवाणूचा क्राय जीन (बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणारा) कपाशीच्या डीएनएला जुळतोच कसा? आणि नागपूरच्या कॉलेजात पीयूसी-१९ या प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएत) इको आर वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने केलेलं तुमचं लायगेशन, म्हणजे जोडणी, का फसलं, सगळ्या कॉलन्या निळ्याच का आल्या?

पहिला आधी. साखर-फॉस्फेटचा कणा सगळ्या जीवांत एकच असतो, डीएनए कुणाचा हे एन्झाइमला कळत नाही. इको आर वनला जीएएटीटीसी हा अक्षरक्रम दिसला की ते जी आणि ए यांच्यामध्ये, दोन्ही धाग्यांवर कापतं. एएटीटी असं एकेरी टोक लोंबतं राहतं आणि तशाच दुसऱ्या टोकाला बसतं. ही पकड फार ढिली. टी-फोर लायगेज हे जोडणारं एन्झाइम एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून पाच-प्राइम फॉस्फेट आणि तीन-प्राइम हायड्रॉक्सिल सांधतं, तेव्हा जोड पक्का होतो. मात्र नळीत जीन जोडतात तो प्लाझ्मिडला. कपाशीच्या गुणसूत्रात त्याला सांधते ती पेशीची स्वतःची दुरुस्ती-यंत्रणा. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू फक्त पोचवण्याचं काम करतो.

तुमचं घोडं पेंड खातंय ते दुसऱ्या प्रश्नात. एकाच एन्झाइमने कापलेल्या प्लाझ्मिडची दोन्ही टोकं एकाच रेणूवर, हाताशीच असतात. इन्सर्ट (घालायचा जीन) येईपर्यंत ती एकमेकांना धरतात. रिकाम्या प्लाझ्मिडमधला निळा रंग देणारा जीन शाबूत राहतो, म्हणून कॉलनी निळी. इको आर वन आणि हिंड थ्री असे दोन एन्झाइम वापरा, जीनची दिशाही ठरते. एकानेच कापायचं असेल, तर फॉस्फटेज या एन्झाइमने फक्त वेक्टरचे (जीन वाहणाऱ्या प्लाझ्मिडचे) फॉस्फेट काढा, इन्सर्टचे नाही. दुहेरी कापणीत एकच एन्झाइम चाललं तरी जेलवर पट्टा तसाच, सुमारे २,७०० बेस-जोड्यांवर दिसतो. म्हणून दोन्ही एन्झाइम वेगवेगळे तपासा. हिंड थ्री निकामी करायला ८० अंशांवर २० मिनिटं लागतात, ६५ अंश पुरत नाहीत.

मिश्रण २० मायक्रोलिटरचं करा. वेक्टर ५० नॅनोग्रॅम, इन्सर्टचे रेणू त्याच्या तिप्पट. तिप्पट संख्येने, वजनाने नव्हे: ९०० जोड्यांचा इन्सर्ट असेल तर तोही सुमारे ५० नॅनोग्रॅमच येतो. ही चूक भल्याभल्यांची होते. बफर पुन्हापुन्हा गोठवला-वितळवला की त्यातला एटीपी मरतो, म्हणून तो छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. १६ अंशांवर रात्रभर ठेवा. प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २० ते २५ अंश; मे महिन्यातली नागपूरची खोली त्यात बसत नाही! डीएनए आत घेणाऱ्या ५० मायक्रोलिटर जिवाणू-पेशींना यातलं २ ते ५ मायक्रोलिटरच द्या.

सोबत कापलेल्या वेक्टरच्या दोन प्लेटा लावा, इन्सर्ट न घालता: एक लायगेजशिवाय, एक लायगेजसह. पहिलीवर भरपूर कॉलन्या आल्या, तर प्लाझ्मिड नीट कापलंच गेलेलं नाही. पहिली जवळपास कोरी आणि दुसरी भरलेली, तर वेक्टर स्वतःलाच जुळतोय. दोन्ही कोऱ्या असतील, तर इन्सर्टला दोष देण्याआधी न कापलेलं पीयूसी-१९ घालून पेशी तपासा.