कोल्बी स्टेशन कुठं आहे?

प्रश्न : ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'मध्ये मुंबईहून कोलकात्याला निघालेल्या फिलिआस फॉगची गाडी कोल्बी नावाच्या खेड्याशी थांबते, कारण पुढं रूळच घातलेले नसतात. हे कोल्बी नेमकं कुठं? आणि तेव्हा लाइन खरंच अपुरी होती का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : हाच प्रश्न आठवीत असताना मी वडिलांना विचारला होता. ते इगतपुरीच्या लोको शेडमध्ये होते. त्यांनी टाइमटेबल माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "शोध." दोन रात्री शोधलं. कोल्बी नाहीच. ते व्हर्नच्या मनातलं गाव आहे.

रुळांचं म्हणाल, तर फॉगचा प्रवास १८७२च्या ऑक्टोबरातला. मुंबईकडून येणारी जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, लाइन जबलपूरला पोचून पुढच्या ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली १८७०च्या मार्चमध्ये. जबलपूर ते अलाहाबाद गाडी तर १८६७लाच सुरू झाली होती. व्हर्ननं कोल्बी ते अलाहाबाद असा पन्नास मैलांचा तुकडा रिकामा ठेवला, तिथं प्रत्यक्षात गाड्या धावत होत्या. पण रूळ जोडलेले असते तर फॉगनं दोन हजार पौंड मोजून किउनी नावाचा हत्ती कशाला घेतला असता? आणि हत्ती नसता तर सती जाण्यासाठी ओढून नेली जाणारी औदा त्यांना भेटलीच नसती. माझ्या मते अख्ख्या कादंबरीचा जीव त्या पन्नास मैलांत आहे. मुंबईपर्यंत फॉगनं दोन दिवस वाचवलेले असतात, ते इथं खर्ची पडतात आणि कोलकात्याला तो बरोबर ठरल्या दिवशी, २५ ऑक्टोबरला उतरतो.

व्हर्न भारतात कधी आला नाही. तरी कल्याणला पुण्याचा फाटा उजवीकडे फुटतो हे त्यानं अचूक लिहिलंय. सह्याद्रीचा पाया बेसॉल्टचा, माथ्यावर दाट रान, हेही बरोबर. घाटातल्या पोरानं ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपला डोंगर फ्रान्समधल्या माणसाच्या पुस्तकात! खानदेशात मात्र तो फसला. इंजिनाचा धूर कपाशीवरून जातो इथवर ठीक, पण त्याच्या जोडीला त्यानं कॉफी, लवंग आणि जायफळाचे मळे लावलेत. तुमच्याकडच्या उन्हात जायफळ!

तुम्ही भुसावळचे, म्हणून एक सांगतो. कोल्बीचा नाद सोडा आणि बऱ्हाणपूर पाहा. मलबार हिलच्या देवळात पायांत बूट घालून शिरल्याबद्दल फॉगचा नोकर पासपार्तू पुजाऱ्यांचा मार खातो आणि अनवाणी पळत कसाबसा गाडी गाठतो. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला गाडी बऱ्हाणपूरला थांबते. तिथं तो खोटे मोती जडवलेल्या मोजड्या विकत घेतो आणि मोठ्या ऐटीत घालतो. पुढं कोलकात्याच्या कोर्टात त्याला उभं करतात. आरोप काय, ते त्याला उमगत नाही. मग टेबलावर पुरावा म्हणून एक जोड ठेवला जातो, आणि त्याच्या तोंडून नकळत निघून जातं, "माझे बूट!"