साडेतीन वर्षांच्या मुलाला गोल्फ शिकवायला सुरुवात करावी का आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, यजमान दर रविवारी गोल्फ खेळतात, टायगर वुड्सची लहानपणीची चित्रफीत पाहिल्यापासून मुलाला आत्ताच प्रशिक्षकाकडे घालायचे त्यांनी मनावर घेतले आहे, आणि इतक्या लहान मुलाला हे झेपेल का व झेपणार असेल तर कोणता सेट घ्यावा, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी प्रशिक्षक नाही. सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेला आणि गेली पस्तीस वर्षे बेताचाच गोल्फ खेळणारा एक आजोबा आहे. मात्र या वयाच्या मुलाच्या हातात मी दोनदा गोल्फची स्टिक दिली आहे, पहिल्यांदा माझ्या मुलाच्या आणि पंचवीस वर्षांनी नातीच्या, आणि पहिल्या वेळी केलेल्या चुका दुसऱ्या वेळी उपयोगी पडल्या. त्या आधारावर सांगतो की सुरुवात जरूर करावी, पण प्रशिक्षकाकडे घालू नये आणि सेटही घेऊ नये. एक छोटा पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे हळूच ढकलायची स्टिक, पुरेसा आहे.

प्रथम त्या चित्रफितीविषयी, कारण तुमच्या घरातला वाद तिच्यावरूनच सुरू झालेला दिसतो. ती 1978 सालच्या एका अमेरिकन दूरदर्शन कार्यक्रमातली आहे. टायगरचा जन्म डिसेंबर 1975 चा, म्हणजे त्या वेळी त्याला तीन वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. लाल टोपी घातलेले ते पोर जाळीत चेंडू मारते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि बहुतेक लोक चित्रफीत तिथेच थांबवतात. यजमानांना पुढचा भाग पाहायला सांगा. त्याला पट करायला, म्हणजे पटरने चेंडू होलमध्ये ढकलायला, दिल्यावर चेंडू आत जात नाही, तेव्हा तो सरळ चेंडू उचलतो, होलच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवतो आणि आत ढकलतो. लोक हसतात, पण मला विचाराल तर त्या कार्यक्रमातले सर्वांत शहाणपणाचे काम तेच होते. या वयाच्या मुलाला चेंडू दूर जाण्यापेक्षा तो भोकात पडण्यात अधिक रस असतो, आणि भोकाजवळ गेले की तो हमखास पडतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुलाला गोल्फची ओळख होलपासून मागे मागे येत करून द्यावी, असे जे मी पुढे सांगणार आहे, त्याचे मूळ इथेच आहे.

लवकर सुरुवात केली नाही तर मूल मागे पडेल, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. टायगरने 15 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या स्पर्धा, जिंकल्या आहेत हे खरे, पण 18 मेजर जिंकणाऱ्या जॅक निकलॉसने स्टिक प्रथम हाती घेतली ती दहाव्या वर्षी. आणि 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या दिवशी टायगर आघाडीवर असताना ज्याने त्याला मागे टाकले, तो दक्षिण कोरियाचा यांग योंग-उन एकोणिसाव्या वर्षी गोल्फकडे वळला होता. आपल्याकडची अदिती अशोक पाचएक वर्षांची असताना बंगळूरच्या मैदानावर आईवडिलांबरोबर जाऊ लागली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे पदक थोडक्यात हुकून ती चौथी आली. दोन, पाच, दहा, एकोणीस, या आकड्यांतून कोणताही नियम निघत नाही. त्यामुळे साडेतीन वर्षांचा असतानाच सुरुवात करायची असेल, तर ती मुलाला मजा येते म्हणून करावी, एवढेच एक कारण उरते.

आता माझी चूक सांगतो. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही एका छावणीच्या गावी होतो. तिथे मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर होते आणि माझा उत्साह दांडगा होता. लहान मुलांच्या स्टिक तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून मी एका सहकाऱ्याकडून सात-आठ वर्षांच्या मुलासाठी असलेला जुना अर्धा सेट घेतला, कारण आपल्या घरांत कपडे, चपला आणि सायकली वाढत्या अंगाच्याच घेण्याची रीत आहे. दोन वर्षांनी आपोआप बसेल, असा माझा हिशोब होता. प्रत्यक्षात ती स्टिक त्याला इतकी लांब होत असे की तो मूठ सोडून निम्म्या दांडीवर हात धरायचा, वरचे टोक पोटात टोचायचे, आणि ते टोचू नये म्हणून तो अंग मागे झुकवून मारायचा. मी दर फटक्यानंतर 'गुडघे वाकव, मान खाली, डावा हात सरळ' असे परेड मैदानावर शोभेल अशा आवाजात सांगत होतो. तीन महिन्यांनी मैदानावर जायचे म्हटले की त्याचे पोट दुखू लागले. आज तो उत्तम टेनिस खेळतो आणि गोल्फचा विषय निघाला की अजूनही पोटावरून हात फिरवून मला चिडवतो.

म्हणून साहित्याविषयी थोडे तपशिलात लिहितो. साडेतीन वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे 95 ते 100 सेंटिमीटर असते. मोठ्या माणसाचा पटर सुमारे 87 सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे तो शेजारी उभा केला तर मुलाच्या नाकापर्यंत येतो. घरातला जुना पटर कापून द्यावा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. दांडी कापता येते, पण डोक्याचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि ते कापून कमी होत नाही, त्यामुळे आखूड दांडीला जड लोढणे बांधल्यासारखे होते आणि मुलाचे मनगट त्याला आवरू शकत नाही. मुलांच्या स्टिक वयावरून नव्हे, उंचीवरून घ्याव्यात. त्यात वजन हलके, दांडी लवचिक आणि मूठ बारीक असते, आणि काही कंपन्या तर दर तीन इंच उंचीला वेगळे माप काढतात. मूल जेवढ्या वेगाने वाढते, ते पाहता पूर्ण सेट घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. एक पटर आणि हौस असेल तर पुढे एखादी छोटी आयर्न (चेंडू उंच उडवायची, धातूच्या चपट्या डोक्याची स्टिक), एवढ्यावर सहा वर्षांपर्यंत निभावते. तेवढेही नको असेल तर प्लास्टिकच्या मोठ्या डोक्याची खेळण्यातली स्टिक चालेल. चेंबूरच्या गोल्फ मैदानालगतच्या वस्तीतली मुले लोखंडी सळई वाकवून तिची स्टिक करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. त्यांचा फटका पाहिला की साहित्याबद्दलचे आपले बरेचसे आग्रह गळून पडतात.

नातीच्या वेळी मी मैदानावर गेलोच नाही. दिवाणखान्यात सतरंजी अंथरली, तिच्या एका टोकाला स्टीलचा तांब्या आडवा ठेवला आणि मी माझ्या पटरने एक चेंडू हळूच आत घातला. 'टण्ण' असा आवाज झाला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला चित्रे रंगवत बसलेल्या मुलीने मान वर केली. मी काहीच बोललो नाही, दुसरा चेंडू घातला. तिसऱ्या 'टण्ण'नंतर ती उठून आली आणि म्हणाली, "आजोबा, आता मी." तिचा पटर कपाटामागे आधीच आणून ठेवला होता, पण ती मागेपर्यंत मी तो दाखवला नव्हता. पहिले काही दिवस ती तांब्यापासून वीतभर अंतरावरून चेंडू ढकलत होती. नंतर एके दिवशी आपणच एक पाऊल मागे सरकली. चुकले की पुन्हा पुढे यायची. खरे होल 108 मिलिमीटर व्यासाचे असते आणि आमच्या तांब्याचे तोंड त्याहून थोडे लहान होते, त्यामुळे पुढे हिरवळीवर गेल्यावर तिला होल मोठेच वाटले, हा न योजलेला फायदा. (फरशीवर चेंडू आपटू लागले की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात, हेही सांगून ठेवतो. सतरंजी जाड असावी.)

कसे मारायचे हे मी तिला शब्दांत सांगितले नाही, कारण या वयाची मुले ऐकून नव्हे, पाहून शिकतात, आणि पाहतात तसेच्या तसे उचलतात. याचे सर्वांत गमतीचे उदाहरण फिल मिकलसनचे आहे. सहा मेजर जिंकलेला हा खेळाडू बाकी सर्व कामे उजव्या हाताने करतो, पण गोल्फ डावखुऱ्यासारखा खेळतो, कारण अगदी लहान असताना तो उजव्या हाताने खेळणाऱ्या वडिलांच्या समोर उभा राहून आरशातल्या प्रतिबिंबासारखी त्यांची नक्कल करत असे. त्यामुळे यजमानांनी मुलाच्या समोर उभे राहू नये. त्याच्या बाजूला, दोघांचीही तोंडे एकाच दिशेला येतील असे उभे राहून खेळावे. आणि तरीही मुलगा डाव्या बाजूने मारू लागला तर त्याला फिरवू नये. मूठ कशी धरली आहे याकडेही या वयात दुर्लक्ष करावे. दोन्ही हात एकमेकांना लागून आहेत ना, एवढेच पाहावे.

एका गोष्टीत मात्र मी अजिबात सूट देत नाही, आणि ती सुरक्षितता. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा, म्हणजे हातात घेतला तर क्षुल्लक वाटणारा, पण दगडासारखा कठीण असतो. त्याहूनही मोठा धोका स्टिकचा आहे, कारण मोठा माणूस जेव्हा स्टिक मागे नेतो तेव्हा त्याला मागे कोण आले आहे ते दिसत नाही आणि मूल नेमके त्याच क्षणी, काहीतरी दाखवायला, धावत जवळ येते. यजमान स्वतः फटका मारत असताना मुलाला मोकळे सोडणे, मग ते सरावाच्या रेंजवर असो वा घराच्या अंगणात, पूर्णपणे वर्ज्य मानावे. आमच्याकडे नातीने एक लहान रंगीत चटई बरोबर न्यायची आणि दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा तीवर बसायचे, असा नियम होता. तो तिने इतका मनावर घेतला की पुढे मैदानावर माझे दोन मित्र बोलत उभे होते त्यांनाही ती "चटईवर बसा" म्हणाली. शिवाय पटर कमरेच्या वर उचलायचा नाही, उचलला तर त्या दिवसाचा खेळ संपला. तुमच्या घरी याहून धाकटे मूल असेल तर चेंडू मोजून परत डब्यात ठेवावेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातला चेंडू 44.5 मिलिमीटरहून मोठा असावा, असा अमेरिकेतला नियम आहे, आणि गोल्फचा चेंडू सुमारे 42.7 मिलिमीटरचा, म्हणजे घशात अडकण्याच्या मापाचा असतो.

मैदानावर नेण्याची घाई नसावी, पण न्यायचे ठरले तर आधी फोन करून विचारावे, कारण आपल्याकडची बहुतेक मैदाने सदस्यांसाठी आहेत आणि इतक्या लहान मुलांना कोर्सवर सोडत नाहीत. सरावाच्या पटिंग ग्रीनवर, म्हणजे पट करायच्या आखूड हिरवळीवर, मात्र मोठ्या माणसाबरोबर सहसा परवानगी मिळते, आणि तुम्हाला तेवढेच हवे आहे. पहाटे किंवा उन्हे उतरल्यावर जावे. पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. त्यातली दहा मिनिटे मुलगा बंकरमधली वाळू उकरण्यात, झेंड्याची काठी हलवण्यात किंवा गवतावर उतरलेल्या टिटव्यांच्या मागे धावण्यात घालवेल, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये. ग्रीनवर पळायचे नाही आणि दुसरे कोणी पट करत असताना गप्प राहायचे, हे दोन रिवाज मुले आश्चर्य वाटावे इतक्या लवकर उचलतात, बहुधा कुजबुजणे त्यांना आवडते म्हणून. निघायची वेळ तो कंटाळण्याच्या अलीकडे साधावी. 'अजून एकच' म्हणत असताना घरी नेलेले मूल पुढच्या वेळी आपणहून बूट घालून दारात उभे राहते.

लहान अंतरावरच खेळवत राहिलो तर खरा गोल्फ कधी, अशी शंका यजमान काढतील. त्यांना पारचा, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित धरलेल्या फटक्यांचा, हिशोब आठवून द्यावा. प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे पार 72 च्या अठरा होलच्या मैदानावर 36 फटके, बरोबर निम्मे, पटरचेच असतात. ग्रीनवर मन रमले की दहा पावलांवरून चिप, म्हणजे चेंडू थोडा उचलून मारायचा छोटा फटका, मग तीस पावलांवरून, असे अंतर वाढवत नेता येते. माझी नात आता आठ वर्षांची आहे आणि गेल्या वर्षी तिने स्वतः सांगितले म्हणून आम्ही तिला प्रशिक्षकाकडे घातले. मधल्या वर्षांत ती पोहायला शिकली, झाडांवर चढली आणि वाड्यातल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळली, ते सारे तिच्या स्विंगला उपयोगीच पडले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मुलांनी अनेक खेळ खेळावेत आणि एकाच खेळावर सारे लक्ष देणे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावे, असे सुचवते. साडेतीन वर्षांच्या मुलाला आठवड्याला दोन तास शिकवण्याची हमी देणारा कोणी भेटला, तर त्याची फी किती हेही विचारू नये.

शेवटी यजमानांसाठी एक सूचना. मुलाला नेण्याचा दिवस आणि त्यांचा स्वतःचा रविवारचा खेळ वेगळा ठेवावा. अठरा होल खेळून दमलेला, त्यातही शेवटच्या होलवर तीन पट करून आलेला माणूस मुलाला काही शिकवण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे मी अनुभवाने सांगतो. शनिवारी संध्याकाळी जा, त्यांची बॅग घरीच राहू द्या, आणि बरोबर दोन पटर, चार चेंडू, पाण्याची बाटली आणि ती चटई एवढेच घ्या.