दादा, स्टिरिओ बसवा, पण गोडी छाटणीच्या पैशातून नको

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. पिंपळगावच्या अलीकडे चार एकर द्राक्षबाग, वय ३३, वहिनी शिक्षिका, पगार ४२ हजार, घरात आई-वडील आणि दोन वर्षांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी चांगल्या सीझनला साडेनऊ लाखांत सेकंड हॅन्ड ऑडी टीटी घेतली, २०११ ची, टू पॉइंट ओ पेट्रोल, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद). गाडी झकास आहे पण आवाज डब्यासारखा येतो, एका दारातला स्पीकर फाटलाय, आणि नाशिकच्या एका दुकानाने १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. डेक (डॅशबोर्डवरचा प्लेअर) ४२ हजार, पुढचे कंपोनंट स्पीकर (खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे स्पीकर) ४८, ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि डीएसपी (आवाज जुळवणारा प्रोसेसर) ४५, सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) २५, डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारी शीट)-वायरिंग-फिटिंग २५. प्रश्न असा की "ताई, यंदा हातात १३ लाख २० हजार आहेत, त्यातले हे जेमतेम १४ टक्के होतात, करू का?"

पहिलं सांगते, शौकावर खर्च करू नका असं मी म्हणणार नाहीये. १ लाख ८५ हजार वीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर १७ लाख ८५ हजार होतात असला हिशोब मांडून कोणालाही कशावरूनही लाजवता येतं, चहावरूनसुद्धा, आणि पैशांचा सल्ला देणाऱ्या आमच्या धंद्यातल्या लोकांना ते फार आवडतं. तुम्ही वर्षभर बागेत राबता, रात्री लाईट येते तेव्हा पाणी भरता, तुम्हाला गाडीत गाणी नीट ऐकू यावीत यात काहीच चूक नाही. माझा आक्षेप त्या "१४ टक्के" वर आहे, कारण तो आकडाच खोटा आहे.

तुमच्या १३ लाख २० हजारांत २ लाख २० हजार तुमचा माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडे अडकलेत. ते "हातात" नाहीत, ते त्याच्या हातात आहेत. बँकेत आहेत ११ लाख. आता तुम्हीच लिहिलंय की एकरी खर्च २ लाख ६० हजार येतो आणि खरड छाटणी (नवीन काडी फुटण्यासाठीची उन्हाळी छाटणी), सबकेन (शेंडा खुडून बाजूची काडी फोडणं), औषधं धरून साधारण ६० हजार होऊन गेलेत. म्हणजे एकरी २ लाख अजून जायचेत, चार एकरांचे ८ लाख. गोडी छाटणीची (फळ धरण्यासाठीची छाटणी) मजुरी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, मग डावणी या बुरशीच्या रोगावरच्या फवारण्या, थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), ड्रीपची खतं, फळपीक विम्याचा हप्ता, हे सगळं सप्टेंबर ते फेब्रुवारीत जाणार आणि खुडा (द्राक्षांची तोडणी) होऊन पैसे दिसायला पुढचा मार्च. तर हे ८ लाख तुमचे नाहीतच, बागेचे आहेत, फक्त सध्या तुमच्या खात्यात मुक्कामाला आलेत. उरले ३ लाख.

आता गाडीकडे येते, कारण इथे तुम्हाला एक धक्का बसणार आहे. गाडी २०११ ची, नोंदणी नोव्हेंबरची, म्हणजे यंदा नोव्हेंबरात आरसीची १५ वर्षं संपतात. तुम्ही लिहिलंय "रिन्यूअलला पाच हजार लागतात ते बाजूला ठेवलेत". पाच हजार आपल्याकडे बनलेल्या गाड्यांना, दादा. एप्रिल २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात इम्पोर्टेड चारचाकीची नोंदणी नूतनीकरणाची फी ४० हजार आहे आणि टीटी ही हंगेरीतल्या कारखान्यात जुळून थेट आयात झालेली गाडी, इथे असेम्बल झालेली नाही. आरसीवर काय लिहिलंय ते बघून घ्या आणि आरटीओत आधीच विचारून घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. शिवाय पर्यावरण कर वेगळा, फिटनेस वेगळं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तुम्ही छाटणीत इतके अडकलेले असता की हे हमखास राहून जाणार, म्हणून आत्ताच तारीख लिहून ठेवा.

पुढे टायर. तुम्ही म्हणता ग्रिप चांगली आहे, पण टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते वाचा. तीन वर्षांत बदलले नाहीत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आधीच्या मालकाचेच आहेत, सहा-सात वर्षांचे निघाले तर नवल नाही, आणि अशा टायरवर समृद्धीला १२० ने जाणं मला तरी पटत नाही. चारही बदलायचे तर ५५-६० हजार धरा. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं, क्वाट्रोच्या हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद देणारा भाग) वेगळं, आणि तुम्हाला सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्याची एकही नोंद सापडली नाही. दोन्ही मिळून ३० हजार ठेवा. सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद चेनचा खडखडाट येतो का तेही एकदा चांगल्या मेकॅनिकला ऐकवा, या इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर हा माहितीतला दुखरा भाग आहे, आणि तो गेला तर मग स्टिरिओचा विषयच संपतो. इन्शुरन्स ३५ हजारांचा येतो म्हणता. आरसी, कर, फिटनेस धरून ४५, टायर ६०, ऑइल ३०, इन्शुरन्स ३५, झाले १ लाख ७० हजार. ३ लाखांतून हे गेले की उरतात १ लाख ३० हजार.

म्हणजे कोटेशन १ लाख ८५ हजारांचं आणि खरे मोकळे पैसे १ लाख ३० हजार. १४ टक्के वगैरे काही नाही, आहेत त्याच्या दीडपट जवळपास.

तुमचा दुसरा मुद्दा हुशारीचा आहे म्हणून त्यालाही उत्तर देते. सोसायटीचं ३ लाखांचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे शून्य टक्क्याने पडतं, मग ते छाटणीला वापरू आणि स्वतःचे पैसे स्टिरिओला, असं तुमचं गणित. कागदावर बरोबर दिसतं. पण शून्य टक्के हे "वेळेत" या शब्दावर उभं आहे. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी गारपिटीने निफाड तालुक्यात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस लागला आणि काडीत घडच नीट तयार झाला नाही अशा कितीतरी बागा होत्या. असं वर्ष आलं की कर्ज थकतं, सवलत जाते, पुढच्या वर्षी नवीन कर्ज मिळायला त्रास होतो आणि मग कृषी सेवा केंद्रात उधारीवर औषधं उचलावी लागतात. त्या उधारीचं व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते दरातच लावलेलं असतं. रोखीने घेणाऱ्याला तेच औषध कितीला मिळतं ते एकदा विचारून बघा, तुमच्या स्टिरिओवाल्याच्या "दहा टक्के फेस्टिव्हल डिस्काउंट" पेक्षा तिथे जास्त वाचेल. दुकानवाला नो कॉस्ट ईएमआय म्हणतोय ते पण नको, मासिक हप्ता पगारदाराला सोपा जातो, तुमचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं आणि मग हप्ता वहिनींच्या पगारातून जाणार, ज्याच्यावर घर चालतंय.

तर मग करायचं काय. अर्धं करायचं, आणि बरोबर अर्धं करायचं. मला ऑडिओतलं दुकानदाराइतकं कळत नाही, पण पैसा कुठे लावला की कानाला फरक पडतो हे कळण्यापुरतं कळतं. टीटी छोटी, खाली बसणारी गाडी, रुंद टायर, त्यात सिंहस्थाच्या कामांनी आपले रस्ते जागोजागी खोदलेले, रस्त्याचा आवाज आत भरपूर येतो आणि तो नेमका खालचे सूर, म्हणजे तबल्याचा डग्गा, बेस गिटार, हे गिळून टाकतो. त्याच्यावर दुकानदार सांगतो जास्त वॅटचा ॲम्प लावा. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा दारांच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे शीट नीट लावले, दारातली भोकं बंद केली, की पत्रा थरथरायचा थांबतो आणि साध्या स्पीकरमधूनसुद्धा भरीव आवाज यायला लागतो. कोटेशनमधल्या सगळ्यात स्वस्त दोन ओळींपैकी ही एक आहे आणि सगळ्यात जास्त काम हीच करणार. दोनच तर दारं आहेत तुमच्या गाडीला.

म्हणून पहिल्या टप्प्यात दोन्ही दारांचं डॅम्पिंग आणि वायरिंग-फिटिंग २० हजार, साडेसहा इंची कंपोनंट जोडी १८ हजारांच्या आसपास (जेबीएल, हर्ट्झ, फोकल, कुठलीही, स्वतःच्या मोबाईलमधली स्वतःची गाणी लावून ऐका, दुकानातली डेमोची गाणी सगळ्याच स्पीकरवर छान वाजतात), आणि एक साधा फोर चॅनल ॲम्प १५ हजार. ५५ हजारांच्या आत बसतं. ॲम्प घेताना बॉक्सवरचे "मॅक्स २००० वॅट" बघू नका, आरएमएस (सतत मिळणारे खरे वॅट) किती ते विचारा. मूळ डेक ठेवा, त्याला ब्लूटूथचा छोटा ॲडॉप्टर लावा. ४२ हजारांचा अँड्रॉइड डेक आवाज सुधारत नाही, स्क्रीन मोठी करतो, आणि ऑडीच्या डॅशबोर्डवर तो दिसतोही वाईट (हे माझं मत, भांडू नका). मागचे दोन चॅनल सध्या मोकळे राहतील, पुढे त्यावर आठ इंची सब लावता येईल. टीटी कूपेची डिकी केबिनला जोडलेलीच असते, मोठा बॉक्स लागणारच नाही.

एक गोष्ट आधी तपासा, तुमच्या गाडीत कंपनीची बोस सिस्टीम आहे का. तो टीटीला ऑप्शन होता. असेल तर त्याचा वेगळा ॲम्प असतो, स्पीकर बदलणं इतकं सरळ नसतं, आणि कदाचित फाटलेला एक स्पीकर बदलून सगळं प्रकरण दहा-बारा हजारांत मिटेल. दुकानवाल्याने हे बघितलंय असं कोटेशनवरून तरी वाटत नाही.

फिटिंगला मूळ वायर कापू देऊ नका, प्लग लागणारं हार्नेस (तयार वायरजोड) मिळतं तेच लावायला सांगा. बॅटरीपासून येणाऱ्या वायरला बॅटरीच्या फूट-दीड फुटात फ्यूज पाहिजेच, आणि वायर खऱ्या तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. काढलेले स्पीकर, जाळ्या, स्क्रू सगळं खोक्यात घालून घरी आणा. उद्या गाडी विकायला काढली तर नवीन स्टिरिओचा एक रुपयाही जास्त मिळत नाही, उलट अशा गाड्यांचा गिऱ्हाईक "सगळं ओरिजिनल आहे ना" हेच विचारतो.

आणि पक्कं बिल घ्या, जीएसटी लागला तरी. त्याशिवाय वॉरंटी नाही आणि इन्शुरन्सही नाही. कंपनीतून न आलेली इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते, त्याला तिच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम लागतो, ५५ हजारांवर २,२०० रुपये अधिक जीएसटी. नाही लिहिली तर चोरी झाली की शून्य. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर हे कव्हर मिळणारच नाही, म्हणून ३५ हजारांत नक्की काय काय आहे ते वाचून मला पाठवा.

जाता जाता एक, तुम्ही सहज लिहून गेलात की ११ पैकी ६ लाख पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवलेत. बँक बुडाली तर ठेव विमा ५ लाखांपर्यंत असतो, सहकारी बँकांनाही असतो, पतसंस्थेला तो नाही. ते छाटणीचे पैसे आहेत दादा, थोड्या जास्तीच्या व्याजासाठी तिथे ठेवू नका. मुदत संपेल तशी काढून बँकेत आणा. मला स्टिरिओपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली खरं तर.

५५ हजार गेले की ७५ हजार शिल्लक राहतात, त्याला हात लावायचा नाही. व्यापाऱ्याचा चेक तुमच्याकडे आहे म्हणता, तर त्यावरची तारीख बघा, तीन महिन्यांच्या आत भरायला हवा. "भाऊ, जरा थांबा" करत तो तारीख उलटवू शकतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक न वटल्याबद्दल केस करण्याचा कलम १३८ चा मार्ग त्या परतीपुरता बंद. पैसे खरंच खात्यात आले तर १ लाख ७० हजार त्या ७५ मध्ये टाका आणि राहिलेल्या ५० हजारांत सब आणि डीएसपी बघा. नाही आले तर एप्रिलमध्ये बोलू, खुडा झाल्यावर.