विशेष शिक्षणाचे बी.एड. : प्रवर्ग निवडण्यापूर्वी

बी.एड.च्या सामाईक प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक लागले की विशेष शिक्षणाविषयी विचारणा करणारी पत्रे वाढतात. या वेळी कोल्हापूर जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी ज्यांतील शंका अनेकांना पडत असाव्यात, अशी पत्रे येथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : मी गडहिंग्लजची असून मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आहे. विशेष शिक्षणात बी.एड. करायचे आहे, परंतु प्रवेशाच्या वेळीच कर्णबधिर, दृष्टिबाधित, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांपैकी एक प्रवर्ग निवडावा लागतो, असे कळले. त्यांतील सोपा आणि नोकरीच्या दृष्टीने बरा प्रवर्ग कोणता? की बारावीनंतरच डी.एड. करायला हवे होते?

डी.एड.ची रुखरुख मनातून काढून टाका. विशेष शिक्षणातील पदविका ही बारावीनंतरची दोन वर्षांची वाट आहे आणि ती प्रामुख्याने लहान मुलांच्या व प्राथमिक स्तराच्या कामासाठी आखलेली आहे. पदवीधरांसाठी बी.एड. आहे, तेही २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत मिळते. महाराष्ट्रात सर्वसाधारण व विशेष अशा दोन्ही बी.एड.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एकच परीक्षा घेतो. त्या परीक्षेत बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग असतात. तुमच्या बी.ए.च्या विषयाची त्यात अडचण नाही.

आता प्रवर्गाविषयी. 'सोपा प्रवर्ग' ही कल्पना मुळातच फसवी आहे, कारण प्रत्येक प्रवर्गात शिक्षकाला दिवसभर निराळेच काम करावे लागते आणि एकाला जे सहज जमते ते दुसऱ्याला महिन्याभरात नकोसे होते. कर्णबधिरांच्या वर्गात सकाळचा पहिला भाग पुष्कळदा श्रवणयंत्रे तपासण्यात जातो. बॅटरी चालू आहे का, कानातला साचा नीट बसला आहे का, हे पाहून झाल्यावर शिक्षिका स्वतःचे ओठ दिसू न देता आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक करून काढते आणि मूल ऐकू आल्याची खूण म्हणून ठोकळा डब्यात टाकते. 'स' आला तरी ठोकळा हातातच राहिला, तर उंच पट्टीचे ध्वनी त्या मुलापर्यंत पोहोचत नाहीत, हे धडा सुरू होण्याआधीच समजते. ज्यांना भाषेत आणि उच्चारात रस आहे, ज्यांची भारतीय सांकेतिक भाषा मनापासून शिकण्याची तयारी आहे, त्यांना हा प्रवर्ग मानवतो, आणि मराठीची पदवी येथे उपयोगी पडते. दृष्टिबाधितांच्या प्रवर्गात ब्रेल स्वतःला यावी लागते. पाटी आणि शलाका घेऊन ती उजवीकडून डावीकडे टोचायची आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायची, यात हात बसायला वेळ लागतो. त्याच्या जोडीला पांढरी काठी घेऊन चालण्याचे, दिशा ओळखण्याचे प्रशिक्षणही द्यावे लागते. बौद्धिक अक्षमतेच्या प्रवर्गात प्रगती फार सावकाश दिसते आणि पुस्तकाइतकेच महत्त्व दात घासण्याला, कपडे घालण्याला आणि दुकानातून वस्तू आणण्याला असते. अध्ययन अक्षमता असलेली मुले मात्र बहुतेक सर्वसाधारण शाळेतच असतात. म्हणून तेथील शिक्षकाला मुलाइतकेच वर्गशिक्षकांशी आणि पालकांशी बोलण्याचे कौशल्य लागते.

अर्ज भरण्यापूर्वी निदान दोन प्रकारच्या शाळांत परवानगी घेऊन काही दिवस बसा. मधल्या सुट्टीनंतर, मुले थकलेली आणि शिक्षकही थकलेले असताना जो वर्ग असतो, तो आवर्जून पाहा. कोल्हापूर शहरात शेंडा पार्क येथील चेतना विकास मंदिरासारख्या शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दीर्घकाळ काम करीत आहेत. नोकरीचा हिशेब प्रवर्गावर बेतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदे कमीजास्त होत राहतात, प्रवर्ग मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिला जातो आणि तो बदलायचा तर पुन्हा अभ्यासक्रम करावा लागतो.

प्रश्न : इचलकरंजीतील खासगी शाळेत मी सहशिक्षक आहे, माझे सर्वसाधारण बी.एड. झालेले आहे. शनिवार-रविवारी चालणारा तीन महिन्यांचा 'स्पेशल एज्युकेटर' प्रमाणपत्र अभ्यासक्रम केल्यास मी विशेष शिक्षक म्हणून काम करू शकेन का?

नाही. विशेष शिक्षण हे व्यवसाय म्हणून भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ च्या कक्षेत येते. परिषदेने मान्यता दिलेली पात्रता आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतील नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणालाही विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. नोंदणीशिवाय असे काम करणाऱ्यास शिक्षेची तरतूदही याच कायद्यात आहे. आपण म्हणता तशा लघु अभ्यासक्रमांनी वर्गातील मुलांची जाण वाढते. तेवढ्यासाठी ते जरूर करावेत. परंतु त्यांच्या आधारे दारावर पाटी लावता येणार नाही.

संस्थेची जाहिरात कितीही झळकत असली, तरी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे नाव, तो विशिष्ट अभ्यासक्रम, तो प्रवर्ग आणि मान्यतेची शैक्षणिक वर्षे, या चारही गोष्टी स्वतः पडताळून पाहा. एका प्रवर्गाची मान्यता असलेल्या संस्थेला दुसऱ्या प्रवर्गाची असेलच, असे नाही. मागील वर्षीची मान्यता या वर्षी चालू आहे, असेही गृहीत धरू नये. शुल्क भरल्यानंतर ही तपासणी करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि त्यांना सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

प्रश्न : मी विशेष शिक्षणाच्या बी.एड. महाविद्यालयात बौद्धिक अक्षमता प्रवर्गात पहिल्या वर्षाला आहे. पाठ टाचणे आणि फायली लिहिण्यातच वेळ जातो. सराव पाठात मला दिलेला नऊ वर्षांचा मुलगा काहीच प्रतिसाद देत नाही. 'शर्टाची बटणे लावणे' हे उद्दिष्ट होते, पण तो रडू लागतो आणि पाठ मोडतो. या लेखनाचा आणि प्रत्यक्ष शिकवण्याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे; मात्र तो पुष्कळ ठिकाणी नीट समजावून सांगितला जात नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात ८० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि त्यांतील मोठा वाटा प्रात्यक्षिकांचा व शाळेतील आंतरवासितेचा (इंटर्नशिप) असतो. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची फाईल समोर ठेवून टाचण उतरवून काढले, तर ते लेखन खरोखरच वाया जाते. मूल्यमापन आधी आणि टाचण नंतर, हा क्रम पाळला तरच त्याला अर्थ येतो.

आपल्या मुलाचेच उदाहरण घेऊ. 'बटण लावणे' ही आपल्याला एक कृती वाटते. त्या मुलासाठी त्या पाच-सहा कृती आहेत. बटण एका हाताच्या चिमटीत धरायचे, दुसऱ्या हाताने काजाची पट्टी धरायची, बटणाची कड काजात घालायची, पलीकडून बाहेर आलेली कड पकडायची आणि ओढून घ्यायची. यालाच आपल्या पाठ्यपुस्तकात कार्यविश्लेषण म्हटले आहे. आता पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, तर मुलाला पाच वेळा अडखळल्यावरच यश दिसते, आणि तोवर तो रडू लागलेला असतो. म्हणून उलट्या टोकाने जा. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करून द्या आणि अर्धे बाहेर आलेले बटण फक्त ओढायचे काम त्याला द्या. बटण लागले, ते त्याने लावले, शाबासकी त्याला मिळाली. हे सलग काही दिवस जमले की त्याच्या वाट्याला एक पायरी वाढवा. अंगातल्या शर्टाऐवजी आधी टेबलावर पसरलेल्या जाड कापडावरील मोठे बटण आणि सैल काज घ्या, कारण गळ्याखालचे बटण त्याला दिसतच नाही. हाताला हात धरून केलेली मदत हळूहळू मनगटावर, मग कोपरावर, मग नुसत्या बोटाच्या खुणेवर आणा. ही मदत कधी कमी केली, याची तारीखवार नोंद म्हणजेच तुमची ती फाईल.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या एका मुलासाठीची उद्दिष्टे, लिहितानाही हेच ध्यानात ठेवावे. 'मुलास पैशाचे ज्ञान होईल' हे उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा झाली. 'दहा रुपयांची वस्तू मागितल्यावर समोरच्या तीन नाण्यांतून दहाचे नाणे पाचपैकी चार वेळा मदतीशिवाय उचलून देईल', असे लिहिले तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणालाही ते तपासता येते. निरीक्षक प्राध्यापक वर्गात असताना पाठ मोडला, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नका. तो कोणत्या पायरीवर मोडला, हे त्याच दिवशी लिहून काढा. परीक्षकाला सजवलेल्या तक्त्यांपेक्षा अशी नोंद अधिक सांगते. (थर्मोकोलच्या शैक्षणिक साहित्यावर रात्री जागवणाऱ्या छात्राध्यापकांविषयी मला सहानुभूती आहे, पण ते साहित्य मुलाने तोंडात घातले तर काय होईल, हा विचार आधी करावा.)

प्रश्न : मुलगा कागलहून रोज ये-जा करून हे शिक्षण घेईल, पण पुढे नोकरी मिळेल का? सगळे कंत्राटीच आहे, असे ऐकतो.

आपली शंका निराधार नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांनी अनेक वर्षे कंत्राटी मानधनावर काम केले आहे. गगनबावडा किंवा चंदगडसारख्या तालुक्यात अशा एका शिक्षकाकडे पाचपंचवीस शाळा असल्या, तर पावसाळ्यात एसटीच्या वेळा सांभाळून तो एखाद्या मुलापर्यंत किती वेळा पोहोचणार, हे वेगळे सांगायला नको. मात्र गेल्या काही वर्षांत चित्र बदलू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची पदे ठरवून भरण्याचे आदेश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक स्तरावर १० आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण अधिसूचित केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहकेंद्रांवर, विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

निर्णय आणि नेमणूक यांत अंतर असते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहेच. म्हणून मुलाला नोकरीची हमी कोणी देत असेल, तर विश्वास ठेवू नका. विशेष शाळांत अनुदानित आणि विनाअनुदानित असा मोठा फरक असतो आणि वेतनही त्यावरच ठरते. शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अध्ययन अक्षमतेसाठी विशेष शिक्षक नेमले जातात, पण तेथे व्यवस्थापन ठरवील ते वेतन असते. सर्वसाधारण प्राथमिक शिक्षक होण्याचा पर्याय बी.एड.मुळे आपोआप उघडा राहील, असे समजू नका. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला आहे. मुलाची ओढ या कामाकडे असेल तर त्याला अडवू नये. सरकारी नोकरीचा जवळचा रस्ता म्हणून तो इकडे वळत असेल, तर आताच थांबवावे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आहे. मी पदवीधर आहे, वय एकोणचाळीस. त्याला शिकवता यावे म्हणून हे बी.एड. करावे, असे वाटते. घर सांभाळून दूरस्थ पद्धतीने होईल का?

मुक्त विद्यापीठांमार्फत पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने दूरस्थ विशेष बी.एड. चालविले जाते. परंतु दूरस्थ म्हणजे घरबसल्या नव्हे. संपर्कसत्रांची उपस्थिती, अभ्यासकेंद्रातील प्रात्यक्षिके आणि शाळेतील सराव यांतून सुटका नसते, आणि प्रवेशाची पात्रताही नियमित अभ्यासक्रमाहून वेगळी असू शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज करावा.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. केवळ स्वतःच्या मुलासाठी दोन-अडीच वर्षांचा अभ्यासक्रम करू नका. त्याला आज जे हवे आहे ते पदवी मिळेपर्यंत थांबणार नाही, आणि दिवसभर आई हीच शिक्षिका झाली तर त्या मुलाला आई कोठे मिळायची? त्याच्या शाळेतील विशेष शिक्षकांकडून घरी करावयाच्या कामांची आखणी दर महिन्याला लिहून घ्या. चित्रवेळापत्रकासारख्या गोष्टी पालकांना थोड्या मार्गदर्शनाने उत्तम जमतात. याउपर इतरांच्या मुलांसाठीही हे काम करावेसे वाटत असेल, तर अवश्य प्रवेश घ्या. पालक असलेले शिक्षक अन्य पालकांशी ज्या विश्वासाने बोलू शकतात, तो आमच्यासारख्यांना सहजी साधत नाही. वयाची काळजी करू नका. अशा वर्गांत चाळिशीच्या विद्यार्थिनी नवलाच्या नाहीत.

प्रश्न : मी पन्हाळा तालुक्यातील दृष्टिबाधित पदवीधर आहे. मला विशेष शिक्षक होता येईल का?

होता येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सवलत आहे. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) नसेल, तर ते प्रवेशप्रक्रियेच्या बरेच आधी काढून घ्या, कारण ऐन वेळी कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयातील तपासणीची तारीख मिळेलच असे नाही. लेखनिकाची मागणी परीक्षेच्या अर्जातच नोंदवावी लागते. ती राहून गेली तर केंद्रावर काही करता येत नाही. दृष्टिबाधित प्रवर्ग निवडल्यास ब्रेलवरील आपले प्रभुत्व वर्गमित्रांच्या पुढे असेल. मुलांच्या हाताखालचे ठिपके डोळ्यांनी पाहणाऱ्या डोळस छात्राध्यापकांना ते बोटांनी वाचायला तुम्हीच शिकवाल, अशी दाट शक्यता आहे.