जेवता कोणासंग?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपकेंद्रात रुजू होऊन चार महिने झाले, काम अंगवळणी पडतंय, हे वाचून जीव सुखावला. पण त्या म्हातारीबद्दल लिहिलेलं एक वाक्य मला टोचलं. दर मंगळवारी ती गुडघा धरून येते, तपासणीत नवं काही निघत नाही, गोळी घेते आणि तरी दोन तास बाकावरून हलत नाही. तू लिहिलंस, ‘रिकामटेकडी आहे, बाकीच्यांची जागा अडवते.’

पोरी, तिला तिथून उठवू नकोस. का, ते सांगायला माझी एक चूक सांगावी लागेल.

मी आरोग्यसेविका होते तेव्हा क्षयाच्या गोळ्या एक दिवसाआड, आमच्या डोळ्यांदेखत घ्यायला लावायच्या असत. एक चाळिशीचा गडी तिसऱ्या महिन्यात यायचा थांबला. तीन डोस चुकले. मी त्याला पारावर गाठलं आणि चार माणसांसमोर झापलं. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. सपरीच्या टोकाला त्याची खाट, खाटेखाली जर्मनचं ताट, त्यात अर्धी भाकर वाळून वर आलेली, बाजूला आंबाडीच्या भाजीवर माश्या. आतून भावाच्या लेकरांचा जेवतानाचा गलका ऐकू येत होता. मी विचारलं, ‘जेवता कोणासंग?’

‘कोणासंगच नाही बाई. ताट इथं येते. मन झालं तं खातो, नाहीतं कुत्र्याले टाकतो.’

उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की त्याला मळमळायचं, म्हणून त्यानं गोळ्याच सोडल्या होत्या. मी गोळ्यांचा हिशेब ठेवत होते आणि तो जेवत नव्हता. घरच्यांचं मन वाईट नव्हतं, ते घाबरले होते. औषध नीट सुरू होऊन काही आठवडे गेले की आजार पसरण्याची शक्यता फार कमी होते, आणि ताटावाटीतून तर क्षय पसरतच नाही, हे त्यांना कोणी बसून सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. त्याची थुंकी पुन्हा तपासून घेतली, ती स्वच्छ आल्यावर त्या संध्याकाळी मी त्याच्याच खाटेजवळ बसून भाकर खाल्ली. भाऊ उंबऱ्यात उभा राहून बघत होता. आठवडाभरानं तोही ताट घेऊन सपरीत आला. पुढचे डोस चुकले नाहीत. बरा झाला तो गोळ्यांनीच. पण गोळ्या पोटात टिकल्या त्या भावाबरोबरच्या भाकरीमुळे.

तेव्हापासून मी प्रत्येक जुनाट दुखण्याच्या माणसाला हा प्रश्न विचारत आले. बीपी, शुगर, वजन लिहितेस ना, त्याच्या खाली हेही लिहीत जा. ‘एकटं वाटतं का?’ असं आपल्याकडे कोणी विचारलं तर माणूस ‘छे छे’ म्हणतो. जेवणाचं विचारलं की खरं बोलतो.

तू शिकलेली आहेस, तुला पुरावा लागेल. तो आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात सुमारे सात हजार माणसांवर नऊ वर्षं नजर ठेवली होती. १९७९ साली निष्कर्ष आला की ज्यांची नाती-गोती, मित्र, मंडळं कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. विडी, दारू, व्यायाम यांचा हिशेब धरूनही फरक उरलाच. २०१० मध्ये अशा १४८ अभ्यासांची, तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची तगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आता, आजारी माणूसच आधी एकटा पडतो हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय संगतीला देऊ नकोस. पण १९९७ मध्ये २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून बघितलं होतं. ज्यांचा नाना तऱ्हेच्या माणसांशी संबंध होता, त्यांना सर्दी कमी झाली.

माणूस सतत धास्तीत राहिला की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, चढतं राहतं, झोप उडते, बीपी वाढतं, जखम लवकर भरत नाही. जवळचं माणूस शेजारी असलं की शरीर ती धास्ती थोडी खाली ठेवतं. मात्र माणसं नुसती असून भागत नाही. २००५ च्या एका अभ्यासात ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड उठवून ते किती दिवसांत भरतात ते बघितलं. एकमेकांशी कडवटपणे भांडणाऱ्यांच्या जखमा हळू भरल्या. भरल्या घरात राहणारी, पण रोज टोमणे ऐकणारी सून तुझ्या वहीत ‘कुटुंबात राहते’ एवढीच नोंदली जाईल. तिला बाहेर, नळावर भेट.

आणि गाव माणसाला वाळीतही टाकतं, हे विसरू नकोस. आपल्या भागानं कुष्ठरोग्यांचे हाल बघितलेत. कधी सेवाग्रामला गेलीस तर आश्रमातली परचुरे शास्त्रींची कुटी बघ. संस्कृतचे एवढे पंडित, पण कुष्ठरोग झाला म्हणून दारं बंद झालेली. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं आणि स्वतः मालीश करायचे. त्या काळी या रोगावर हमखास औषध नव्हतं. मालीशनं कुष्ठरोग जात नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक असणार. मी त्या कुटीपुढे दर वेळी उभी राहते आणि दर वेळी डोळे भरून येतात.

आता एक जड गोष्ट. आपल्याकडे ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि दुसरा अर्थ कळायला सांगणाऱ्याचा चेहरा बघावा लागतो. कापूस घरात आला, भाव पडला, बँकेची नोटीस आली, पोरीचं लग्न मोडलं, अशा घरात जाशील तेव्हा कर्ता माणूस पारावर येतो का, हे आधी विचार. पोळ्याला बैल घेऊन निघाला नाही, कोणाच्या मयतीला गेला नाही, तर ताबडतोब जा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचार. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस. फवारणीचे डबे घरातून काढून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला लाव. तो आवेग बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात डबा हाताशी नसला तर जीव वाचतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या बायकोच्या फोनमध्ये घालून दे. हे काम गावावर सोपवून मोकळी होऊ नकोस. गाव सोबत देईल, उपचार तूच मिळवून द्यायचेस.

सगळीकडे तुला एकटीला पुरायचं नाहीये. आशाताईला कोणाच्या घरात चूल पेटली नाही ते तुझ्याआधी कळतं. बचतगटाच्या बैठकीत बाया हप्त्याबरोबर दुखणंही सांगतात. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी जाऊन बस, रोज येणारा कोण आला नाही ते दिसेल.

म्हातारीकडे परत येते. झिम्बाब्वेत २००६ पासून दवाखान्याच्या आवारात बाक टाकून वस्तीतल्या आज्यांना त्यावर बसवतात. आधी त्यांना शिकवतात, मग खचलेली माणसं त्यांच्याशी येऊन बोलतात. २०१६ मध्ये तपासून बघितलं तर सहा महिन्यांनी त्या माणसांचं नैराश्य खरोखर कमी झालं होतं. तुझ्याकडे बाकही आहे आणि आजीही आहे.

येत्या मंगळवारी तिच्या गुडघ्याला शेक सांग, गोळी दे, मग विचार, ‘आजी, जेवता कोणासंग?’ तू मागे लिहिलं होतंस ती पहिलटकरीण, माहेर दूर असलेली, तिच्याच गल्लीत राहते ना? गृहभेटीला जाताना आजीला बरोबर घे. बाळाला अंघोळ घालण्यापासून कान-नाकात तेल टाकू नये इथपर्यंत काय सांगायचं, ते आधी तिच्याशी बोलून घे, नाहीतर ती तेल टाकेलच. पोर झाल्यावर गुडघा कितीदा दुखला, ते मला कळव.

जेवत जा वेळेवर. तूही त्या खोलीत एकटीच जेवतेस, हे तुझ्या पत्रात लिहिलेलं नव्हतं, पण मला कळलं. आशाताईच्या घरी डबा घेऊन जा.

तुझी,
बाई